तीन खोल्यांचा दुवा

४ जानेवारी

भावजी,

तुमचं पत्र नाही, म्हणून मीच लिहायला बसले. फोन तुम्ही करता, पण माझा डावा कान आता नावालाच उरलाय आणि उजव्याला तुमचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. मी आपली 'हो, हो' म्हणते. मग धाकटी विचारते, "काय म्हणाले हो हे?" काय सांगणार, कपाळ! नवऱ्याचा निरोप जावेकडून ऐकायचा, आणि जाऊ बहिरी. कागद बरा. दोनदा वाचता येतो.

गेल्या आठवड्यात कंपनीचे अध्यक्ष घरी आले होते. चहा घेतला, ह्यांच्या फोटोकडे बघून उसासा टाकला आणि फाइल पुढे सरकवली. "वहिनी, चौथा भागीदार मिळतोय. आपली बाटल्यांची झाकणं आणखी चौदा देशांत जातील. फक्त संस्थापकाच्या वाट्याची सही हवी, म्हणजे तुमची." पेनाचं टोपणसुद्धा स्वतःच काढून दिलं. मी म्हटलं, "ठेवून जा, वाचते." त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. "एकशे दहा पानं आहेत." म्हटलं, "मग दहा-बारा दिवस लागतील."

शाळा माझी चौथीत सुटली, हे त्यांना ठाऊक आहे. ह्यांच्यामागे चार वर्षांत मी काय काय वाचायला शिकले, ते ठाऊक नाही.

बासष्टाव्या पानावर तुम्ही भेटलात. नाव नाही, हुद्दा: 'दुवा'. आणि पुढे लिहिलंय, 'सात वर्षे'. तुम्ही तर उन्हाळ्यात कायमचे परत येणार होतात ना? तुमच्या लेकीने, छोटीने, तुमची खोली आवरायला काढलीये. हे सात वर्षांचं काय आहे, ते मला समजेल असं लिहा.

वहिनी

ता. क. गुडघ्याच्या गोळ्यांची बाटली आजही शेजारच्या मुलीकडून उघडून घेतली. दाबा आणि फिरवा म्हणे. लहान मुलांना उघडू नये म्हणून तुमच्या दादांनी झाकण केलं आणि त्यांच्याच बायकोला ते उघडत नाही!


१९ जानेवारी

वहिनी,

तुमचं पत्र वाचून हसलो. अध्यक्षांचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

घाबरण्यासारखं काही नाही. साधं सांगतो. आपला कारखाना लहान. परदेशात एकट्याने पाय रोवायचा तर दहा जन्म लागतील. म्हणून दादाने तीन हात धरले. साचेवाले झाकणाचा साचा देतात. वितरक अकरा देशांत माल पोचवतात. आणि औषधवाले झाकणं विकत घेतात, आता त्यांच्याबरोबर आपला एक सामाईक कारखानाही आहे. दादा म्हणायचा, चार पायांची खुर्ची डगमगते, तिवई कधीच डगमगत नाही.

पण या तिघांचं आपापसात पटत नाही. साचेवाले दुसऱ्या वितरकालाही साचे देतात, औषधवाल्यांचा स्वतःचा झाकणांचा विचार चाललेला असतो. एकाचं गुपित दुसऱ्याला कळता कामा नये. म्हणून इथल्या कचेरीत तीन खोल्या आहेत. प्रत्येक भागीदाराची वेगळी खोली, वेगळी माणसं, वेगळं कपाट. ही माणसं एकमेकांशी हवापाण्याखेरीज बोलत नाहीत. तिन्ही खोल्यांत जाऊ शकतो असा एकच माणूस: दुवा. आधी दादा, आता मी. एका खोलीत ऐकलेलं दुसऱ्या खोलीत बोलायचं नाही, एवढंच काय ते पथ्य. गेल्या महिन्यात वितरकांकडे तक्रार आली की म्हाताऱ्या लोकांना झाकण उघडत नाही. अगदी तुमचंच गाऱ्हाणं! साचेवाल्यांना सांगितलं तर चार दिवसांत सुधारतील. पण सांगायचं नाही. ती तक्रार वितरकांची मालमत्ता.

खोली बरी आहे. चौथा मजला, जिना अरुंद, मधल्या खिडकीतून समोरच्या गोदामाची भिंत दिसते, बाकी काही नाही. धाकटीला सांगा, गरम कपडे पुरेसे आहेत.

सही करून टाका. उन्हाळ्याचं बघू.

तुमचा भावजी


११ फेब्रुवारी

भावजी,

"उन्हाळ्याचं बघू" हे वाक्य मी आठ वर्षं ऐकलंय, तुमच्या दादांच्या तोंडून. तेव्हा तुम्ही ताकाला जाऊन भांडं लपवू नका.

तिकडे तीन खोल्या, तशी इकडे मुख्य कचेरीत तीन कपाटं आहेत आणि तीन कारकून. वाटेकरीण म्हणून मला करार वाचायचा हक्क आहे. मात्र कपाटासमोर बसून, कागद-पेन्सिल बाहेर ठेवून. मी तीन दिवस गेले. पहिला कारकून भला, त्याने खुर्चीवर उशी दिली. दुसरा पूर्ण वेळ माझ्या बोटांकडे बघत होता, जणू मी पान फाडून खाणार आहे. जे महत्त्वाचं वाटलं ते मी पाठ केलं, पाढे पाठ करतात तसं. घरी येऊन वहीत उतरवलं.

आता ऐका. साचेवाल्यांचा करार म्हणतो: नवा दुवा आम्ही मान्य करू, पण बाकीच्या दोघांनी त्याला आधी लेखी मान्यता दिली असेल तर. वितरकांचा करार म्हणतो: बाकीच्या दोघांनी आधी दिली असेल तर. औषधवाल्यांचाही तेच. प्रत्येक वकिलाला वाटलं, आपण शेवटी सही करावी, म्हणजे धोका नाही. तीन वेगळ्या खोल्यांत बसून तिघांनी तीच हुशारी केली. तिन्ही करार एकापुढे एक ठेवून कुणी वाचलेच नाहीत, कारण ते एकत्र ठेवायचेच नाहीत असा आपला नियम! आधी तुम्ही, नाही आधी तुम्ही, असं करत तिघं दारात उभे, आणि दार अडवून तुम्ही.

दुवा न बदलता निघून गेला तर तिन्ही करार मोडतात. म्हणजे चारशे माणसांचा कारखाना बंद. म्हणजे तुम्ही निघू शकत नाही.

हे तुम्हाला माहीत होतं का? हो की नाही, एवढंच लिहा.

वहिनी


२७ फेब्रुवारी

वहिनी,

हो.

इथे आल्यावर दुसऱ्या वर्षी कळलं. दादालाही माहीत होतं. जायच्या आधी वर्षभर तो सुटायची धडपड करत होता. मला एक पत्र लिहिलं होतं: 'मी तिघांनाही विचारून बघितलं. तिघंही म्हणाले, आनंदाने, पण बाकीच्यांची संमती आणा. हिला सांगू नकोस, उगाच जिवाला लावून घेईल.' मी सांगितलं नाही. माफ करा.

वहिनी, तुम्ही यात पडू नका. अध्यक्ष वाईट माणूस नाही, पण चौथ्या कराराशिवाय कंपनी वाढत नाही, आणि वाढली नाही तर हे तिघं तिला गिळतील. हेही खरं आहे. भागीदार सांभाळणं म्हणजे तीन भांडखोर पाहुण्यांना एकाच घरात तीन वेगळ्या पंगती वाढणं. प्रत्येकाला वाटलं पाहिजे की पहिलं पान त्याचंच. मला ते जमतं. खरंच जमतं. फक्त संध्याकाळी खोलीवर आलं की बोलायला काही उरत नाही. बोलण्यासारखं जे असतं ते सगळं कुठल्या ना कुठल्या खोलीचं असतं. धाकटीशी फोनवर मी हवेबद्दल बोलतो. तिला वाटतं मी तुटक झालोय.

राग एकाच गोष्टीचा आहे. करारात म्हणे लिहिलंय की दुव्याचा मृत्यू झाला तर कुणाच्या संमतीशिवाय संस्थापकाच्या घरातलं सज्ञान माणूस त्या जागी बसवता येतं. दादा गेला आणि तीन आठवड्यांत माझं नाव लागलंसुद्धा. मला विचारलं, पण चिता विझायच्या आत विचारलं, तेव्हा नाही कसं म्हणणार? माझं नाव सुचवणारे हात अध्यक्षांचेच असणार. ते मी त्यांना कधी माफ करणार नाही.

बाकी ठीक. जिना चढताना मधल्या खिडकीशी जरा थांबतो, बाहेर बघत, आणि मग वर जातो. मजेत आहे.

भावजी


१० मार्च

भावजी,

ते हात अध्यक्षांचे नव्हते. माझे होते.

ह्यांना जाऊन पंधरा दिवस झाले होते. अध्यक्ष आले, कागद आणला, म्हणाले, कारखाना वाचवायचा तर घरातलं एक नाव हवं. मी तुमचं नाव सांगितलं आणि सही केली. वाचलं नाही. वाचता आलं असतं की नाही, कोण जाणे, पण मी प्रयत्नच केला नाही. मला वाटलं, ह्यांची खुर्ची घरातच राहील. त्या खुर्चीला बाहेरून कडी आहे, हे मला ठाऊक नव्हतं. त्यानंतर मी वाचायला शिकले. लोकांना वाटतं विरंगुळा म्हणून शिकले.

शिव्या द्यायच्या असतील तर द्या, पण आधी एक उत्तर द्या. जानेवारीत तुम्हीच लिहिलंत की जिन्यातल्या खिडकीतून गोदामाची भिंत दिसते, बाकी काही नाही. मग तिथे थांबून तुम्ही बघता काय?

तुमचे दादा शेवटच्या सुट्टीत घरी आले, तेव्हा आपल्या पंधरा पायऱ्यांच्या जिन्यातही मधे थांबायचे. मी विचारलं की म्हणायचे, "जरा बाहेर बघतोय." मीही वेडी, त्यांच्या शेजारी उभी राहून बाहेर बघायची.

डॉक्टरकडे जा. आजच.

वहिनी


२ मे

वहिनी,

एप्रिलभर तुमची चार पत्रं आली. उत्तर दिलं नाही. पहिले तीन आठवडे रागाने. तुमचं पत्र मी चुरगाळलं, परत सरळ केलं, परत चुरगाळलं. नंतर दिलं नाही कारण मी रुग्णालयात होतो. नऊ दिवस. त्या खिडकीशीच बसलो होतो, खालच्या मजल्यावरच्या बाईंनी गाडी बोलावली.

धाकटीला सांगितलं नाही. सांगू नका. दुवा तंदुरुस्त असला पाहिजे, असंही एक कलम आहे. रुग्णालयात मी 'सुट्टीवर' होतो. तिन्ही खोल्यांतून तीन फुलांचे गुच्छ आले, म्हणजे तिघांनाही कळलंय, पण एकाला कळलंय हे दुसऱ्याला माहीत नाही! पडल्या पडल्या मला हसू येत होतं, आणि हसलं की दुखत होतं.

राग गेला. तुमच्या जागी मी असतो तर मीही तेच नाव दिलं असतं. दुसरं होतंच कुठलं?

मग एक गोष्ट सुचली आणि तेव्हापासून झोप नाही. मला काही झालं तर ते परत घरी कागद घेऊन येतील. घरातलं सज्ञान माणूस. छोटी नोव्हेंबरात बावीसची होईल.

भावजी


१५ मे

भावजी,

धाकटीला मी सांगितलं. तुम्ही रागवाल, रागवा. या घरात एकमेकांच्या जिवाची काळजी म्हणून जेवढं लपवलं गेलं, तेवढ्याने आपण अडकलो आहोत. ती रडली नाही. म्हणाली, "तरीच हवेच्या गप्पा." आणि बॅग काढली. तुमच्या कराराप्रमाणे दुव्याला साठ दिवसांची आजारपणाची रजा आहे, एकोणिसावं पान. ती तुम्हाला घ्यायला येतेय. गप्प तिच्याबरोबर या.

राहिलं त्या 'आधी तुम्ही'च्या कुलपाचं. गुप्ततेचं कलम मी तिन्ही करारांत परत परत वाचलं. ते 'कर्मचारी, अधिकारी व संचालक' यांना लागू आहे. मी यातली कुणीच नाही. मी विधवा आहे. विधवेला कुठलंच कलम लावायला ते विसरले.

तेव्हा मी तिघांनाही एकच पत्र धाडलंय, एकाच दिवशी, एकाच मजकुराचं. तुमच्या तिघांच्या करारात एकच वाक्य आहे आणि त्यामुळे तुम्ही तिघंही अडकला आहात. तुमचा दुवा आजारी आहे. त्याचं बरंवाईट झालं तर तुमच्या साच्यांच्या, मालाच्या आणि औषधांच्या मधे एक बावीस वर्षांची मुलगी येऊन बसेल, जिला झाकण आणि बूच यांतला फरक माहीत नाही. ते नको असेल तर एका टेबलाशी या आणि एकाच कागदावर एकाच वेळी सह्या करा. कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही.

अध्यक्ष धावत आले. "वहिनी, हे काय केलंत! बारा वर्षांत त्या तिघांना आम्ही एका खोलीत बसू दिलं नाही!" मी म्हटलं, "म्हणूनच." चौथ्या करारावर सही हवी असेल तर मला तिकडे घेऊन चला, असंही सांगितलं. त्यांनी डायरी काढून तारीख बघितली. मग म्हणाले, "आणि नवा दुवा कोण? त्यांना घरचंच माणूस लागेल."

म्हटलं, आहे एक माणूस. नाव तिथे सांगेन.

वहिनी


९ जून

वहिनी,

घरी पोचलो. छोटीने खोली इतकी आवरलीये की माझंच काही सापडत नाही. धाकटी औषधं मोजून देते आणि गिळेपर्यंत समोरून हलत नाही.

पण तुम्ही इथे नाही. आम्ही यायच्या आदल्या दिवशी निघालात म्हणे. नवा माणूस कोण? मी अंदाज केला: साच्याच्या विभागातले जुने फोरमन. दादाबरोबर पहिल्या दिवसापासून होते, मान्य होतील. तरी फोरमनना सगळं नीट सांगा. कुणाला कशात घालतोय हे माहीत असू द्या.

काय झालं ते लगेच लिहा.

भावजी


२६ जून

भावजी,

काम झालं. तुम्ही मोकळे आहात. आधी हे वाक्य धाकटीला वाचून दाखवा, मग पुढे वाचा.

तिघं आले. साचेवाल्यांचे गृहस्थ उंच आणि गोरेपान, वितरकांच्या बाई बोलक्या, औषधवाल्यांचा तरुण वकील. माझ्या शेजारी दुभाषीण. सुरुवातीला तिघं असे बसले, जणू एकाच मुलीला बघायला आलेली तीन स्थळं. वकील म्हणाला, "तरी पेन कुणीतरी आधी उचलणारच." मी पिशवीतून तीन पेनं काढली आणि तीन प्रती मांडल्या. प्रत्येकाने एकीवर सही करायची आणि ती पुढे सरकवायची. वितरकांच्या बाई इतक्या हसल्या की बाकीच्या दोघांना हसावंच लागलं. त्याच कागदात मृत्यूचं कलम खोडून घेतलं. तिथे आता लिहिलंय, 'दुव्याच्या मृत्यूनंतर संस्थापकाच्या घरातील कोणाचेही नाव सुचवले जाणार नाही. कंपनी आपला माणूस नेमेल.' ते मी स्वतः दोनदा वाचलं.

सह्यांच्या आधी एक झालं. ह्यांच्या सामानाबरोबर गोळ्यांची एक बाटली आली होती, आठवते? कपाटात ठेवलेली. मला ती कधी उघडली नाही. हलवली तर वाजत नसे, तेव्हा मी धरून चालले होते की गोळ्या संपवल्या असतील, वेळच्या वेळी. म्हाताऱ्यांना झाकण उघडत नाही, हे साचेवाल्यांना तुम्हाला सांगता येत नव्हतं. मला येत होतं. मी ती बाटली त्यांच्यापुढे ठेवली. "उघडा. मला उघडत नाही, तुमचं झाकण आहे." त्यांनी एका झटक्यात उघडली आणि अभिमानाने माझ्यापुढे धरली.

आत काठोकाठ गोळ्या होत्या, वर कापूस ठासलेला. चिठ्ठीवरची तारीख ह्यांच्या जाण्याच्या आठ महिने आधीची. एकही गोळी घेतली नव्हती. झाकण उघडत नव्हतं, की वेळ नव्हता, की तंदुरुस्तीच्या कलमामुळे आजार मान्यच करायचा नव्हता, कोण सांगणार. दुभाषिणीने विचारलं, "काय सांगू त्यांना?" म्हटलं, सांग, झाकण सैल करा.

आता दुसरी गोष्ट. फोरमनना मी विचारलंसुद्धा नाही. त्यांना तीन नातवंडं आहेत. तिघांना घरचं माणूस हवं होतं. तिन्ही करार वाचलेलं, तुमच्याखेरीज घरचं माणूस एकच होतं.

अध्यक्षांच्या चौथ्या करारावरही सही केली; त्यातली सात वर्षं आता माझी. रागावू नका. सात वर्षांनी मी सहासष्टची होईन.

वहिनी


४ जुलै

वहिनी,

तुम्ही मला दारातून बाहेर काढलंत आणि स्वतः आत जाऊन कडी लावलीत. मला एका शब्दाने विचारलं नाहीत! चिता विझायच्या आत मला विचारलं होतं, तेवढंही नाही.

परत या. मी बरा आहे. डॉक्टर म्हणतात, दोन महिन्यांत कामाला लागेन. छोटी पत्राशेजारी बसून रडतेय, म्हणतेय, काकूला ऐकू येत नाही, ती त्या खोल्यांत करेल काय?

करारात काहीतरी वाट असेल. शोधा. तुम्हाला वाट सापडते.

भावजी


२१ जुलै

भावजी,

वाट शोधली. नाही. या वेळी कागद मी लिहून घेतला आहे, तेव्हा फट ठेवलेली नाही.

छोटीला सांगा, कमी ऐकू येणं या कामाला बरं. दुभाषीण माझ्या उजव्या कानाशी बसते. डाव्या बाजूला कोण काय कुजबुजतं, ते माझ्यापर्यंत पोचतच नाही, आणि न ऐकलेलं पोटात ठेवावं लागत नाही.

काम कसं चाललंय ते विचारू नका. पंधरा दिवसांत पुष्कळ झालं. त्यातलं काही लिहिण्यासारखं नाही. लिहायला घेतलं की थांबते, ते कुठल्या खोलीचं ते आठवते आणि खोडते. या पत्राचे दोन कागद फाडून झाले. शेवटच्या वर्षात तुमच्या दादांची पत्रं इतकी आखूड का होती, ते आता कळलं. मी तेव्हा त्यांच्याशी भांडले होते.

तुमचीच खोली घेतली आहे. खालच्या मजल्यावरच्या बाई तुमची चौकशी करतात. हवा कोरडी आहे.

धाकटीशी बोलत जा. हवेखेरीज दुसरं. छोटीचं लग्न, नोकरी, भांडणं, काय असेल ते सगळं मला सविस्तर लिहा, तुम्हाला लिहिता येतं. आणि कधी कुणी कागद घेऊन तिच्याकडे आलंच, तर तिला म्हणावं, ठेवून जा, वाचते.

जिन्यातली खिडकी बघितली. भिंतच आहे. मी तिथे थांबत नाही. थांबले तर तुम्हाला लिहीन.

वहिनी